सुभेदाराला लोड पाहिजे

समस्त कळंब ग्रामस्थांना, तसेच वरच्या वाडीतल्या मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कैलासवासी वसंत मास्तर यांच्या आज होणाऱ्या तेराव्याला येताना कोणीही हार, फुले अथवा नारळ आणू नयेत. त्याऐवजी प्रत्येक घराने एक इस्त्री, एक मिक्सर किंवा पाणी तापवायचा एक रॉड सोबत आणावा. ज्यांच्याकडे तिन्ही आहेत त्यांनी तिन्ही आणावीत. गीझर आणणाऱ्यांना पहिल्या पंगतीत बसवले जाईल.

वसंता, ही घोषणा मी खरोखर केली. सकाळी मारुतीच्या देवळासमोर टेंपो उभा करून, माझ्या मंडपाच्या धंद्यातल्या भोंग्यावरून, श्रद्धांजलीसाठी राखून ठेवलेल्या आवाजात. पहिल्यांदा केली तेव्हा पारावरचे म्हातारे उठून उभे राहिले, कारण हा आवाज आला की उभं राहायचं एवढं त्यांना ठाऊक. दुसऱ्यांदा केली तेव्हा ते खाली बसले आणि एकमेकांकडे बघू लागले. तिसऱ्यांदा त्यांच्यातला एक जण म्हणाला, "मंडपवाल्याच्या डोक्यात गेलं रं दुःख."

दुःख नव्हे, राग. दुःख आहेच, पण ते रांगेत मागे उभं आहे. माणसाने मरण्याआधी निदान चालू असलेला वाद तरी पुरा करावा. मी माझी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. आता ती कुणाला ऐकवू? तुझ्या फोटोला? फोटोत तू हसतोयस. आणि वादात तू हसायला लागलास की मी हरतो, हे तुला चांगलं माहीत होतं. त्या फोटोची निवड तूच केली असणार असा मला दाट संशय आहे.

तुला काय हवं होतं, तर घरापुरती वीज. चार दिवे, दोन पंखे आणि वहिनींचा फ्रीज. आपल्याकडे वारा जरा जोरात शिंकला की कुठेतरी तारेवर फांदी पडते आणि सगळं गाव अंधारात बसतं, तेव्हा ही गरज मला मान्य. अशा वेळी शहाणा माणूस इन्व्हर्टर घेतो. तू मला घेऊन खालापूरच्या पलीकडे त्या भंगारवाल्याच्या आवारात गेलास, जिथे लष्कराच्या लिलावातला माल येऊन पडतो. तिथे गवतात एक हिरवा धटिंगण बसला होता. डिझेलचा जनरेटर, अंगावर पांढरे आकडे, पोटाला लोखंडी कडी, आणि आकार असा की त्याला गोठा बांधावा लागेल. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी शेजारीच होतो, मी पाहिलं.

"हा बर्फात चालायला केलाय," तू म्हणालास.

"मास्तर, आपल्याकडे बर्फ फक्त रसवंतीत असतो," मी म्हणालो.

तू ऐकलं नाहीस. जन्मभर पोरांना भूगोल शिकवलास, हिमालयाची शिखरं पाठ करून घेतलीस, आणि स्वतः कधी पुण्याच्या पुढे गेला नाहीस. हिमालय काय आपल्या नशिबात नाही, निदान हिमालयात नोकरी केलेला कोणीतरी आपल्या अंगणात असावा, असं तुला वाटलं असेल. हे तू कधी बोलला नाहीस. मीही विचारलं नाही. पण त्याचं नाव त्याच दिवशी टेंपोत ठरलं. सुभेदार.

वहिनी दारातच उभ्या होत्या. चेनपुलीने सुभेदार खाली उतरताना त्यांनी त्याला नखशिखांत बघून घेतलं आणि तुला विचारलं, "ह्यो घरात ऱ्हाणार आणि आमी भायेर, असं ठरलंय का?"

पुढचे काही महिने काय झालं ते तू इतरांना सांगताना नेहमी गाळायचास, म्हणून मी मुद्दाम लिहितो. डोंगरावरची अख्खी चौकी उजळायची ज्याची ताकद, त्या सुभेदाराला तू चार दिवे आणि दोन पंख्यांवर चालवलंस. काही दिवसांनी त्याच्या सायलेन्सरच्या तोंडातून काळं गळायला लागलं. वहिनींच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर काळे ठिपके. फणसाच्या पानांवर काळे ठिपके. तुझ्या कपाळावरही एक, तो तुला दोन दिवस कोणी सांगितला नाही. तू सगळं खोलून पाहिलंस, कुणाकुणाला विचारत फिरलास, आणि एके दिवशी माझ्या गोदामात येऊन जाहीर केलंस की आजार सापडला. एवढं मोठं इंजिन हलक्या कामावर चालवलं की ते पुरतं तापतच नाही. डिझेल अर्धवट जळतं, उरलेलं नळीत साचतं आणि मग काजळीसकट गळतं. त्याला औषध एकच, पोटभर काम. लोड.

"बैल दावणीला नुसता बांधून ठेवला तर पाय आखडतात की नाही?" तू म्हणालास.

"म्हणून कुणी शेजाऱ्याची शेतं नांगरत फिरत नाही," मी म्हणालो.

तू नेमकं तेच केलंस. चूक झाली, गरजेपेक्षा दांडगं मशीन घरात आलं, हे कबूल करून ते विकायचं, तर तू अख्ख्या गावालाच त्याच्या मापाचं केलंस. दर रविवारी सकाळी सुभेदार चालू व्हायचा आणि ज्याच्या घरात जे काही वीज खाणारं असेल ते घेऊन तो तुझ्या अंगणात यायचा. पडवीत तू छोटी गिरणी बसवलीस, भाकरीचे तांदूळ दळायला बायांची रांग लागली. दोन पिंपांत पाणी तापवायचे रॉड सोडलेस, त्या पाण्याने वाडीतल्या पोरांच्या आंघोळी झाल्या. वरच्या वाडीतल्या जनीबाईचा मुलगा माथेरानच्या हॉटेलात कामाला, त्याने तिथला निवृत्त झालेला गीझर आणून दिला. तो तू फणसाला टांगलास. बाया इस्त्र्या आणायच्या. मी माझा ॲम्प्लिफायर आणायचो, कारण नाही आणला तर तू माझ्याशी बोलायचा नाहीस.

आणि तुझा तो प्रश्न. अंगणात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला, या-बसा नाही, पाणी नाही, थेट, "लावायला काय आणलंस?" तुझ्या पुतणीला बघायला बदलापूरचे पाहुणे आले होते. नेमका रविवार. मुलाची आई ओट्यावर चढते न चढते तोच तू विचारलंस, "लावायला काय आणलंत?" बाईंनी हातातली पिशवी छातीशी धरली. मुलगा बिचारा सज्जन, खिशात हात घालून म्हणाला, "मोबाईलचा चार्जर आहे."

"चार्जरनं काय होतंय," तू म्हणालास, इतक्या निराशेने की स्थळ तिथेच मोडतंय असं मला वाटलं.

वहिनी तेव्हा स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. "पावन्याला पानी इचारावं का वायर? लाज आणली तुमी." आणि पुढे कितीतरी दिवस, तुझा प्रश्न ऐकू आला की त्या आतूनच कपाळाला हात लावायच्या. मला खिडकीतून दिसायचं.

आपला वाद इथेच सुरू झाला. माझं म्हणणं असं की सुभेदाराला काही झालेलंच नाही. तू रिटायर झालास, समोरचा वर्ग गेला, आणि तुला दर रविवारी भरलेला वर्ग पाहिजे होता. म्हणून तू इंजिनाला एक आजार लावून दिलास.

"मग ते गळतं ते काय," तू म्हणालास, "माझं रिटायर होण्याचं दुःख?"

"असेल."

"काळं?"

"मास्तरांचं दुःख काळंच असणार. शाईचं."

हा वाद आपण सुभेदाराच्या अंगाखाली उताणे पडून, तोंडावर तेलाचे थेंब झेलत किती वर्षं घातला. आणि ते काम तरी सरळ असावं? सुभेदाराचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, म्हणून त्याला डिझेलचा फिल्टर ट्रॅक्टरचा, थ्रॉटलची वायर स्कूटरची. नट असे की कर्जतमधला एकही पाना त्यांना नीट बसत नाही. तू एक पाना घासून घासून त्या मापाचा केलास आणि तो कुणी नेऊ नये म्हणून सुतळीने मशीनलाच बांधलास. ती सुतळी इतकी आखूड, की ज्या नटासाठी पाना केला त्या नटापर्यंत तो पोहोचत नाही. मी म्हटलं, सुतळी बदल. तू म्हणालास, पद्धत आहे. कुणाची पद्धत, वसंता? कुठल्या सैन्यात असली पद्धत असते?

पाणी-तेल झिरपू नये म्हणून सांध्यात घालायच्या गॅस्केटचा तर विषयच काढू नये. शाळेने टाकून दिलेले भिंतीवरचे नकाशे तू घरी आणले होतेस. त्या जाड कागदाला तेल पाजून तू त्याची गॅस्केट कापायचास. पाण्याच्या पंपामागे आज आफ्रिका आहे. बाजूच्या झाकणाखाली ऑस्ट्रेलिया. एकदा पंपातून पाणी झिरपायला लागलं तेव्हा तू खोलून बघितलंस आणि गंभीरपणे म्हणालास, "सहारा ओला झालाय." मी हसून हसून खाली बसलो होतो. तू नाही हसलास. तू नवा सहारा कापायला घेतलास.

आणि नळीतली हवा काढायची ती कसरत. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन चालू होत नाही. मग तू नट सैल करून बसणार आणि मी तो एवढासा खटका दाबत राहणार.

"बुडबुडे?"

"आहेत."

"आता?"

"आहेत."

"दाबतोयस का झोपलायस?"

एकदा मी चिडून इतका जोर लावला की डिझेलचा फवारा माझ्या पांढऱ्या सफारीवर. त्याच दिवशी नेरळला लग्न होतं आणि माईक माझ्या हातात. मी वऱ्हाडाचं स्वागत करत होतो आणि वऱ्हाड नाकाला रुमाल लावत होतं. तू पुढच्या रविवारी म्हणालास, "वास चांगलाच आहे, घासलेटपेक्षा उंची." त्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही. करणारही नाही, कारण माफ केलं की विषय संपतो.

मग तुझी छाती बिघडली. डॉक्टरांनी आराम सांगितला, आणि आपल्या गावाने तो आराम तुझ्याइतकाच मनावर घेतला. रविवारी कोणी येईना. तांदूळ दळायला बाया नेरळला जाऊ लागल्या. "मास्तरांना आवाजाचा त्रास नको." लाइट गेली तर तुझ्या डोक्यावरचा पंखा फिरावा म्हणून वहिनी सुभेदाराला चालू करायच्या. एवढ्या अजस्र मशीनवर एक पंखा. तू खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणालास, "ऐक, घसा खवखवतोय त्याचा. लोड नाही त्याच्यावर."

मी म्हटलं, "तू तुझ्या घशाचं बघ."

आपल्यातलं शेवटचं धड बोलणं हे. जास्त चांगलं काहीतरी बोलता आलं असतं, पण ते आपल्याला जमलं नसतं.

तू गेलास आणि लगेच वादळ आलं. खांब आडवे झाले, लाइट गेली ती येईचना. सुतकाच्या घरात माणसं भेटायला येत होती, म्हणून सुभेदार चालत राहिला. तुझ्या फोटोजवळ एक दिवा आणि ओटीवर एक पंखा. अंगणातून माणसं मान खाली घालून यायची, मान खाली घालून जायची. सुतकाच्या घरी इस्त्री घेऊन कोण येणार? कोण म्हणणार, मास्तर गेले, वाईट झालं, जरा हा मिक्सर लावून घ्या? अख्ख्या गावाने तुझा मान राखला, आणि त्या मानाने सुभेदाराची छाती भरून आली. आधी तो खोकला, मग गळायला लागला. भेटायला आलेल्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर काळे ठिपके पडले.

खोपोलीहून मिस्त्री आणला. त्याने कान लावला, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं, काळं बोट मला दाखवलं. "पिस्टनच्या रिंगा गेल्या. उघडायचा खर्च करू नका, भंगारात द्या."

वहिनींनी त्याच संध्याकाळी खालापूरच्या भंगारवाल्याला फोन लावला. ज्याच्या गवतातून तू सुभेदार आणलास तोच. तेराव्याची जेवणं झाली की टेंपो येईल असं ठरलं. मी विरोध केला. वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"इतकी वर्सं तुमीच सांगत व्हता ना भावजी, फेका म्हनून?"

"वादात सांगत होतो."

"मग आता वाद कुनाशी हाय?"

  मग त्या पदराने हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याचा आवाज आला का मला वाटतं, ते मागं अंगनात हायत. मी चहा ठेवते. दोनदा ठेवला. मोरीत वतून दिला. नको मला तो आता."

 मी मागे जाऊन सुभेदारापुढे बसलो. फिल्टरमधलं पाणी काढलं. नट सैल करून हवा काढली, आणि मीच विचारलं, बुडबुडे? आणि मीच सांगितलं, आहेत. सुतळीला बांधलेला पाना नटापर्यंत पोहोचेना, तेव्हा मी तुला अशा शिव्या दिल्या की माझ्या भोंग्यालाही लाज वाटावी. सुभेदार चालू झाला, खोकला, आणि माझ्या पायावर काळं गळला. तेव्हा मला तुझं ते बोलणं आठवलं. घसा खवखवतोय. लोड नाही त्याच्यावर.

आता माझी अडचण बघ. तुझं खरं असेल तर सुभेदार वाचेल, पण आपला सगळा वाद मी हरलो. माझं खरं असेल तर वाद जिंकलो, आणि सुभेदार भंगारात. तू समोर असतास तर मी खुशाल जिंकलो असतो. हे असं मला कोंडीत धरून तू फोटोत हसत बसलास. म्हणून म्हणतो, राग.

आज सकाळी वहिनींना न विचारता मी भोंगा बाहेर काढला.

कोणी येईल असं मला वाटलं नव्हतं. पहिली आली जनीबाई, वरच्या वाडीतून, उन्हाची चालत. तिने रॉड नव्या खणात गुंडाळून आणला होता, ओटी भरायला आणावा तसा. "मास्तराच्या अंगनात मी रिकाम्या हातानं कदी आली नाय," ती म्हणाली. तिच्यामागून बाकीचे. पण चोरासारखे. कुणाची इस्त्री पदराखाली, कुणाचा मिक्सर गोणत्यात. एकाने तर टोस्टर केळीच्या पानांच्या भाऱ्यात लपवला होता. मी एकेकाला रांगेत बसवून लावत गेलो. पिंपं भरली, रॉड सोडले, फणसावरचा गीझर चालू केला, गिरणी चालू केली. सुभेदाराने मान खाली घालून एक हुंकार दिला आणि असा काळा धूर सोडला, की विधी करणारे गुरुजी पाट उचलून वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. तिथून म्हणाले, "मंडपवाले, आत्म्याला वाट दिसायला हवी."

"त्याला हीच वाट माहीत आहे गुरुजी, चालू द्या."

वहिनी पानं वाढायचं सोडून मागच्या दारात आल्या. हातात वरणाचा डाव. सगळं अंगण तिकडे वळलं, फक्त सुभेदार तेवढा बोलत होता. मला वाटलं, आता हा डाव माझ्या डोक्यात. पण त्यांनी आधी इस्त्र्यांची रांग बघितली. पिंपांतून निघणारी वाफ बघितली. जनीबाईचा खण बघितला. आणि तिथेच उभ्या राहिल्या, डावातलं वरण पायरीवर ठिबकत.

काळा धूर पंगती उठेपर्यंत निघत राहिला. मग तो करडा झाला. गळणं थांबेना, पण थेंबाथेंबातलं अंतर वाढलं. मी माईक हातात घेऊन सांगत होतो, अजून लोड पाहिजे, कुणाकडे काही असेल तर या, लाजू नका. धूर विरळ होत होता आणि अंगण भरलेलं होतं. म्हणजे तू बरोबर आणि मीही बरोबर, आणि हा निकाल मला अजिबात मान्य नाही, हे तिकडे सांगून ठेव.

नेमका तेव्हा खालापूरचा टेंपो कुंपणाशी आला. भंगारवाला उतरला. आधी त्याला कळेना की हे तेरावं आहे की कुणाचं लग्न. मग गर्दीतून वाट काढत तो थेट वहिनींसमोर आला, हात जोडले, वाईट झालं म्हणाला, सुभेदाराकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मग वहिनी, कधी उचलायचा?"

वहिनींनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याचे दोन्ही रिकामे हात बघितले. आणि सुभेदाराच्या आवाजावर आवाज चढवून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं त्या बोलून गेल्या, "उचलायचं मागनं बघू. आदी सांग, लावायला काय आणलंस?"